सरकारच्या मापाची खुर्ची

१२ जानेवारी

ताई,

आधी कबूल करून टाकतो, मग बाकीचं. काल मी आपल्या धाकट्याला, सरकारला, दुसऱ्याच्या पोराशी बदलला. कायमचा नाही गं, तासाभरापुरता. पत्र फाडू नकोस, पुढं वाच.

तुमच्या नर्सिंग हॉस्टेलच्या वॉर्डनबाईनं मोबाइल कपाटात कोंडलेत म्हणून हा कागद काळा करतोय. दहावीच्या दोन्ही वेळा मिळून एवढं लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर आज गॅरेजात पंक्चरी काढत बसलो नसतो, असं बाबा म्हणतात. असो.

काल संस्थेचा मेळावा होता. तू एकदाही आली नाहीस म्हणून नीट सांगतो. सरकारचा आजार असा, की त्याचं नाव घेताना मोठे डॉक्टरसुद्धा मधे एकदा श्वास घेतात. लाखात एखाद्याला होतो. त्या एखाद्यांची सगळी घरं वर्षातून एकदा शाळेच्या हॉलमध्ये जमतात. आपल्याकडं अजून भांडण आहे ना, सरकार कुणावर गेला? नाक आईचं नाही, कपाळ बाबांचं नाही. हॉलमध्ये शिरलं की कळतं तो कुणावर गेलाय. तेच रुंद कपाळ, त्याच जाड भुवया, तीच आखूड मान, तीच वाकडी बोटं. सगळी पोरं एका साच्यातून काढल्यासारखी. आई पहिल्यांदा गेली तेव्हा दारातच रडली होती. म्हणाली, माझ्या पोराला कुणीतरी आहे गं बाई.

त्यातलं एक पोर तर सरकारचं डिट्टो. वय तेच, उंची तीच, केसांचा भोवरा पण उजवीकडंच. मी त्याला डुप्लिकेट म्हणतो. त्याची आई कपडे शिवते, आणि तीन वर्षं खुर्चीच्या रांगेत उभी आहे.

खुर्ची म्हणजे साधी नाही. पोराला फोमवर बसवून पाठीचा छाप घेतात आणि त्या छापावर खुर्ची घडवतात. पाठीचा बाक जसा, तशी तिची पाठ. वर्षाला एखादीच मिळते. कुणाला द्यायची ते अध्यक्षबाई ठरवतात, कारण त्यांना सगळी पोरं पोटच्या पोरांसारखी. हे मी म्हणत नाही, त्या म्हणतात, माइकवर. काल तर म्हणाल्या, "या प्रत्येक लेकराची पावलं मी डोळे मिटून ओळखते." निम्मी पोरं चालत नाहीत ताई, पण बाईंना पावलं ओळखू येतात.

या वर्षी खुर्ची आपल्या सरकारला लागली. आणि बाईंचं ते पावलांचं ऐकून माझ्या डोक्यात किडा वळवळला. पोरांना छातीवर नावाचा तुकडा शिवलेले पिवळे टी-शर्ट दिले होते. मी दोघांना बाथरूममध्ये नेलं आणि टी-शर्ट बदलले. सरकारनं आधी अट घातली, "त्याच्या वाटचं आइस्क्रीम माझं." डुप्लिकेटला विचारलं, तर तो नुसता हसला. त्याला बोलायचा आळस आहे, म्हणून तर योजना पक्की होती.

मला वाटलं, स्टेजवर नेलं की बाई ओळखतील, ओशाळतील, सगळे हसतील, मी दोन टोले खाईन. हिशोब एवढाच होता. पण बाईंनी डुप्लिकेटला छातीशी धरला, डोळे पुसले आणि सरकारची सगळी कहाणी त्याच्या नावावर सांगितली. टाळ्या! मोठ्या डॉक्टरांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. फोटोवाल्यानं फोटो काढला. आणि तिथूनच त्याला उचलून मागच्या खोलीत नेला, छाप घ्यायला. मी मागं धावलो तर दारातला स्वयंसेवक म्हणाला, "आत फक्त घरचे." म्हटलं, "मी भाऊ आहे." म्हणाला, "सगळे असंच म्हणतात."

तू विचारशील आया कुठं होत्या. त्यांना वरच्या खोलीत नेलं होतं, 'हसा आणि ताण घालवा' या कार्यक्रमाला. एक माणूस पुढं उभा राहून हा हा हा करायचा आणि आया मागून हा हा हा करायच्या. आणि बाप? ते पार्किंगमध्ये, कुणाची गाडी किती अॅव्हरेज देते यावर.

आया खाली आल्या तोवर मी टी-शर्ट परत जागेवर घातले होते. छाप मात्र डुप्लिकेटच्या पाठीचा गेला. बाकाची मापं त्याची गेली. कागदावर नाव सरकारचं.

सोबत फोटो पाठवतोय, बाथरूममधून निघाल्यावरचा, छातीवर हात बांधून बसलेत दोघं, नावं दिसत नाहीत. बघ ओळखायला जमतंय का.

आता काय करू ते सांग. शिव्या थोडक्यात दे.

तुझा
कार्टा

२१ जानेवारी

कार्ट्या,

शिव्या थोडक्यात बसत नाहीत, म्हणून देतच नाही.

अक्कल गॅरेजात गहाण टाकलीस का रे? खेळण्यातली खुर्ची आहे का ती? चुकीच्या खुर्चीत पोर बसलं तर पाठ सुधारायची सोडून बिघडते. इथं आम्हाला पहिल्या दिवसापासून घोकून घेतात, की सुई टोचायच्या आधी पेशंट तोच आहे ना ते बघा, मग परत बघा. आणि तुझ्या त्या संस्थेत नुसत्या टी-शर्टावर काम चालतं! त्या बाईंची कमालच. स्वतःच्या लेकरांसारखी म्हणे. लेकरू समोर आहे आणि ही छातीवरचं नाव वाचतेय.

तुझ्या फोटोत काय अवघड होतं? डावीकडचा आपला सरकार. बघितल्याबरोबर ओळखला. थोडा भरलाय गालात, बरं वाटलं. रक्ताचं माणूस असं ओळखू येतं बरं, त्याला मेळावे भरवावे लागत नाहीत. इथं सगळ्या मैत्रिणींना दाखवला.

आजच्या आज आईला सांग. बाबांना आई सांगेल. मी आले असते, पण सुट्टी मिळत नाही. वॉर्डनबाईचं म्हणणं असं की आजारी भाऊ सगळ्यांनाच असतात.

सांगितलंस की लगेच कळव.

ताई

४ मार्च

ताई,

नाही सांगितलं.

थांब, ऐकून घे. रोज सांगणार होतो. एकदा आई कणीक मळत होती, मी तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "खुर्ची आली की सरकारला खिडकीशी बसवीन. त्याला रस्ता दिसेल." आता मी कसा बोलू? म्हटलं, माप थोडं इकडंतिकडं असेल, गॅरेजात घासूनपुसून बसवू. वाकड्या चाकाचा आऊट मी काढतोच, पाठीचा काय मोठा!

परवा खुर्ची आली. संस्थेचा लवाजमा घरी. बाई, मोठे डॉक्टर, फोटोवाला. आपल्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, बाबा मोरीत उभे. खुर्चीला लाल फीत. सरकारला हौसेनं बसवला. तर त्याचा डावा खांदा बाहेर, उजवं ढुंगण अधांतरी. "टोचतंय," तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "सवय होईल राजा." तो म्हणाला, "तुम्ही बसा, तुम्हाला सवय होईल." मला हसू येत होतं, तेवढ्यात डॉक्टरांनी पाठीवर मोजपट्टी ठेवली आणि त्यांचा चेहरा पडला.

त्यांनी जानेवारीचा कागद काढला, संस्थेत बाक मोजल्याचा तो पहिलाच. परत मोजलं. मग म्हणाले, दोन महिन्यांत बाक दुपटीनं वाढलाय. आजारानं एकदम उचल खाल्लीय. आता पाठीत सळई घालायची, दुसरा इलाज नाही. पुढच्या महिन्यात ऑपरेशन.

ताई, बाक वाढलेला नाही. जानेवारीचा बाक डुप्लिकेटचा होता. सरकारचा आहे तेवढाच आहे, गेल्या वर्षीसारखा.

आई फीत सोडून घडी घालत बसली. तुला माहीत आहे ना, या पोरांना भूल देणं म्हणजे काय? मान आखूड, श्वासनळी अरुंद. गेल्या वर्षी मेळाव्यात पुढच्या ओळीत बसून गाणं म्हणणारी एक मुलगी होती. कानाचं साधं ऑपरेशन. भूल दिली आणि उठलीच नाही. यंदा तिचे आईबाप मेळाव्याला आले होते. सवय आहे म्हणून आलो, म्हणाले.

मला काल गॅरेजात मालकानं तीन हाका मारल्या, मला ऐकूच आल्या नाहीत.

कार्टा

११ मार्च

अरे मूर्खा,

पत्र हातात पडल्या क्षणी हे लिहितेय. परवापासून मैत्रिणीच्या घरी गेले होते, नाहीतर कालच मिळालं असतं. हे पत्र वाचून झालं की घडी पण घालू नकोस. ऊठ आणि सांग. भूल म्हणजे काय ते मला शिकवू नकोस, मी रोज बघते. मार खा, घराबाहेर काढलं तर बाहेर झोप, पण सांग.

आणि एक मला कळत नाही. बाईंनी ओळखलं नाही, डॉक्टरांनी ओळखलं नाही, ठीक. पण डुप्लिकेटची आई? पोराच्या पाठीला छापाची धूळ लागली असेल, त्यानं घरी जाऊन काही तरी सांगितलं असेल. आई आहे ती. तिला कळलंच नसेल?

ताई

२३ मार्च

ताई,

सांगितलं. सगळ्यांना सांगितलं. आणि गंमत बघ, कुणी विश्वासच ठेवला नाही.

आधी बाबांना. ते म्हणाले, "भावाचं ऑपरेशन टळावं म्हणून थापा मारतोयस. माया आहे तुझ्या पोटात, कळतं मला." आणि पाठीवर हात ठेवला! आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो, त्याचं बक्षीस म्हणून थाप. मार बसला असता तर परवडलं असतं. म्हटलं, "बाबा, शप्पथ." तर म्हणाले, "तू शाळेला आग लागली म्हणून शप्पथ घेतली होतीस." घेतली होती.

आईनं मात्र मला नाही विचारलं. सरकारला विचारलं. तो म्हणाला, "मी आत गेलोच नाही. मी दोन आइस्क्रीम खाल्ली. एक गुलाबी होतं." आईनं माझ्याकडं बघितलं, चप्पल उचलली, परत खाली ठेवली, पायात घातली आणि तडक संस्थेत गेली. मी मागं.

अध्यक्षबाईंनी आईला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकलं. मग आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुम्ही खूप ताणात आहात. माझ्या लेकरांना मी ओळखणार नाही, असं होईल का?" डॉक्टर शेजारी होते. ते माझ्याकडं बघून हळूच बाईंना म्हणाले, "नाकारण्याची अवस्था. घरच्यांना स्वीकारायला वेळ लागतो." आई म्हणाली, "अहो, स्वीकारायचं काय? पोरगं दुसरं होतं." डॉक्टर म्हणाले, "हेच, हेच. सगळ्यांना असंच वाटतं, की माझं पोरगं नव्हे, दुसऱ्याचं." आणि आईला 'हसा आणि ताण घालवा'चा पुढचा पास दिला.

बाहेर पायऱ्यांवर आई बसून राहिली. म्हणाली, "खरं सांगून बघितलं रे. आता काय सांगू?"

मग तुझा प्रश्न आठवला. घरून सरकारला उचललं आणि आम्ही डुप्लिकेटच्या घरी गेलो. त्याची आई मशिनवर होती, पाय थांबवला नाही. मी बोलायला लागलो आणि मशिन थांबलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्याच रात्री कळलं. पाठ पांढरी झाली होती. म्हणाला, माझं माप घेतलं."

आई म्हणाली, "मग बोलला का नाहीत?"

"तीन वर्षं रांगेत आहे ताई. देवानं चुकून पदरात टाकलं, तर मी कशाला ओरडू, चुकलं चुकलं म्हणून? मला वाटलं, तुमच्या पोराला खुर्ची बसणार नाही, मग कुणाला बसते बघतील, माझ्या दारात येईल. एवढंच वाटलं. तुमच्याही पोराला दुसरी देतील की, तुमचं नाव लागलेलं आहे." मग ऑपरेशनचं ऐकलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. मला वाटलं आता आई तिच्या झिंज्या धरणार. पण आईनं तिच्या मशिनवरचा दोरा बोटाला गुंडाळला, परत सोडला आणि म्हणाली, "चहा टाका."

चहा पिताना सरकार आणि डुप्लिकेट जमिनीवर एकमेकांच्या बोटांशी बोटं जुळवून बघत होते, कुणाची जास्त वाकडी. आणि ऐक, त्यांच्या घरात आपल्या सरकारला 'नकली' म्हणतात!

दोघींनी काय ठरवलं ते पत्रात लिहायला नको सांगितलंय. पण तू ओळखशील. माझी काही चूक नाही हां यात. मी नुसता पायंडा पाडला.

कार्टा

३१ मार्च

कार्ट्या,

ओळखलं, आणि अंगावर काटा आला. आईसुद्धा? आपली आई, जी जास्तीचं माप पडलेलं दूध सांगून दूधवाल्याला परत करते?

पोरांची मापं कागदावर उलटसुलट ठेवून चालत नाही रे. उद्या कुणी कागद बघून औषध दिलं तर? आईला म्हणावं, काय करायचं ते करा, पण सरकारची खरी मापं कुठंतरी खऱ्या नावानं असू देत. आणि मला लगेच कळव. झोप लागत नाही.

सुट्टीचं विचारते, पण कठीण दिसतंय.

ताई

२ मे

ताई,

झालं. ऑपरेशन रद्द.

खऱ्या मापांचं तू सांगायच्या आधीच आईला सुचलं होतं. सरकारला घेऊन दुसऱ्या दवाखान्यात गेली, जिथं कुणी आपल्याला लेकरासारखं मानत नाही, नुसतं नंबरानं बोलावतात. तिथं पाठीचा एक्स-रे काढला. बाक गेल्या वर्षी तिथंच मोजला होता तेवढाच. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सळई कशाला, नीट खुर्ची द्या. तो एक्स-रे आणि कागद आईनं ट्रंकेत ठेवलाय. बाबांनी तो उजेडात धरून खूप वेळ बघितला. मग माझ्याकडं आले आणि अखेर एक ठेवून दिली. बरं वाटलं.

पण संस्थेला तो कागद दाखवला तर? बाईंची पावलं खोटी पडणार, आणि डुप्लिकेटच्या आईचं नाव रांगेतून कटणार. म्हणून दोघी आया संस्थेच्या दर महिन्याच्या बैठकीला एप्रिलमध्ये आल्या. पोरांचे टी-शर्ट या वेळी मी नाही बदलले. डुप्लिकेटच्या आईनं घरूनच नावाचे तुकडे उसवून अदलाबदल करून परत शिवले होते. टाका असा, की बोट फिरवलं तरी कळत नाही. मी बाथरूममध्ये बदलले होते, माझी मलाच लाज वाटली.

डुप्लिकेट सरकार होऊन मोठ्या डॉक्टरांसमोर गेला. मोजपट्टी ठेवली. बाक? निम्म्यावर! जानेवारीच्या कागदाशी तंतोतंत. डॉक्टरांनी चष्मा पुसला. बाई ओरडल्याच, "मी म्हटलं नव्हतं?" काय म्हटलं होतं देव जाणे. सोबत नेलेल्या खुर्चीत बसवला, तर पाठ अशी बसली जशी म्यानात तलवार. पलीकडं सरकार डुप्लिकेट होऊन फोमवर बसला, कारण यंदा एक देणगीदार जास्त मिळाला होता आणि ती दुसरी खुर्ची बाईंनी डुप्लिकेटच्या नावावर दिली होती. छाप दिला, आणि बाईंना म्हणाला, "मला ओळखलं का?" बाईंनी त्याचा गाल धरला. "तुला नाही ओळखणार? पायरीवर पाऊल वाजलं तेव्हाच ओळखलं." सरकार बाबांच्या कडेवरून आला होता.

आता पहिली खुर्ची त्यांच्या घरी आहे, दुसरी कालच आपल्याकडं आली. सरकार खिडकीशी बसून रस्त्यावरच्या माणसांना हुकूम सोडतो. "ए, चेन लाव!" म्हणून पोस्टमनला ओरडला.

शिक्षा मात्र झाली, आणि ती सगळ्या आयांना. महिन्याभरात बाक निम्मा कसा झाला, याचं कारण बाईंना सापडलंय. आई तो पास घेऊन हसायला गेली होती ना? म्हणून. आई हसली की पोराची पाठ सरळ होते. डॉक्टर म्हणाले, असंभव म्हणता येत नाही. आता दर महिन्याला तासभर हसणं सक्तीचं. पहिल्या ओळीत आईला बसवतात, नमुना म्हणून. मी दारात सोडायला जातो, तेव्हा ती माझ्याकडं बघून हा हा हा करते. ताई, तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. रात्री दचकून उठतो.

आता तुझं. मी जानेवारीपासून एक गोष्ट गिळून बसलोय. फोटोत डावीकडचा डुप्लिकेट होता.

मी तेव्हा तुझी टर उडवली नाही. मी, आणि टर उडवली नाही, यावरून काय ते समज. तूही दोन वर्षांत त्याला बघितलं नाहीस, बाई निदान महिन्यातून एकदा बघतात. आणि मैत्रिणीच्या घरी जायला तुला सुट्टी मिळते, हे तुझ्याच पत्रात आहे. मी दहावी नापास, पण एवढं वाचता येतं.

सरकार तेव्हापासून विचारतोय, ताईनं फोटो बघून काय म्हटलं. मी सांगितलंय, बघितल्याबरोबर तुला ओळखलं. त्यानं तुझं पत्र मागून घेतलं, त्याला फक्त 'बघितल्याबरोबर ओळखला' एवढीच ओळ दाखवली, 'डावीकडचा' हा शब्द बोटाखाली झाकून. रोज एकदा दाखवायला लावतो. माझं बोट आता थकलंय. तू ये आणि समोर उभी राहून ओळख.

तोवर एक कर. टी-शर्टांचं कुणाला सांगू नकोस, दोघी आया फासावर जातील. ट्रंकेतल्या एक्स-रेचं सांगू नकोस. मी खरं बोललो होतो, हे तर गावात अजिबात सांगू नकोस, माझी पत जाईल. आणि डावीकडच्याचं मी कुणाला बोलणार नाही, तूही बोलू नकोस. मैत्रिणींना नको, आईला नको. त्याला तर मुळीच नको. पाया पडतो ताई, कुणालाच नको.

कार्टा